दिवाळीच्या किल्ल्यात वसईचा वेढा कसा उभारावा

दिवाळीचा किल्ला म्हटलं की रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग. फार तर जंजिरा. वसई आमच्या ठाण्यात तरी कुणी करत नाही, कारण वसई सपाट. डोंगर नाही, वर चढत जाणारी वाट नाही, टोकावर सिंहासन ठेवायला जागा नाही. मी पेशाने ड्राफ्ट्समन आहे (ड्राफ्ट्सवुमन म्हणा हवं तर, हापिसात कुणी म्हणत नाही), आणि सोसायटीतल्या पोरांबरोबर दरवर्षी किल्ल्याच्या मातीत हात घालते. माझं ठाम मत असं की बंदुकीच्या काळातली लढाई मुलांना कळावी असं वाटत असेल तर वसईसारखा किल्ला नाही. फक्त तो करायची रीत वेगळी आहे. डोंगरी किल्ल्यात सगळी शोभा किल्ल्याची असते. वेढ्यात शोभा असते किल्ल्याबाहेरच्या जमिनीची. १७३९ साली बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा यांनी पोर्तुगीजांच्या वसईला वेढा घातला, तेव्हा त्यांची माणसं महिनोन्‌महिने जिथे खपली, ती जागा भिंतीच्या बाहेर होती. म्हणून जागा मापून घेताना पहिला नियम: सगळी माती शहरावर खर्च करू नका.

जागा आणि प्रमाण

प्रमाण १:५०० घ्या. म्हणजे खऱ्या जमिनीवरचे पाच मीटर तुमच्या अंगणात एक सेंटीमीटर. वसईचं तटबंदीतलं शहर साधारण ११० एकरांचं. ते या प्रमाणात साडेचार फुटांच्या चौकात बसतं. शहराच्या उत्तरेला तीन फूट मोकळी जमीन ठेवा आणि दक्षिणेला अर्धा फूट खाडी. झाला आठ फूट लांब, पाच फूट रुंद पट्टा. जिन्याखालची किंवा पार्किंगमधली एका गाडीची जागा पुरते. गाडीवाल्याला आधी विचारा. न विचारता केलेला किल्ला वसुबारसेलाच पडतो, तोही तोफेशिवाय.

दिशा चुकवू नका. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. तिन्ही बाजूंनी पाणी आणि चिखल, म्हणजे पायदळ आणि तोफा घेऊन यायला उरली फक्त उत्तर. अख्खा वेढा या एका गोष्टीवर उभा आहे. समुद्राला निळी रांगोळी, खाडीला पण तीच जरा गडद, आणि पूर्वेला शाडू पातळ कालवून ओता. ती वाळून भेगाळली की रोज थोडं पाणी शिंपडायचं, दलदल दिसली पाहिजे. उत्तरेला मात्र चाळलेली वाळू आणि लाल माती निम्मी निम्मी. तिथे अळीव पेरायचे नाहीत. दरवर्षी आपण हिरवळीसाठी जिथे तिथे अळीव टाकतो, पण जिथे हजारो माणसं चर खोदत होती तिथे गवत कसलं? अळीव शहरात, चर्चच्या आवारात टाका.

आता बाजारातले मावळे. तीन इंची मावळा या प्रमाणात अडतीस मीटर उंच होतो. तो तटावरून पाय टाकून आत जाईल, वेढा कशाला घालेल? खरा माणूस इथे साडेतीन मिलिमीटरचाही भरत नाही. त्यासाठी तांदळाची कणी घ्या. अख्खा तांदूळ लांब पडतो, कणी बरोबर बसते. निम्मी कणी गेरूच्या पाण्यात, थोडी निळीच्या पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर सुकवा. गेरूचे मराठे, निळीचे फिरंगी. गेरूची भरपूर करा, निळीची मूठभर.

भिंत आणि बुरूज

तट दहा मीटर धरला तर प्रमाणात दोन सेंटीमीटर होतो. पोरं हिरमुसतात. म्हणून नकाशावाले करतात तेच करायचं: उभं प्रमाण दुप्पट. चार सेंटीमीटर. त्याहून वर जाऊ नका. तोफांच्या काळातली तटबंदी उंचीने नाही तर जाडीने लढते. उंच भिंत म्हणजे तोफेला सोपं निशाण.

मुलं हमखास चुकतात ते बुरुजाच्या आकारात. हात आपोआप गोल बुरूज वळतो, कारण आपण पाहिलेले बहुतेक बुरूज गोल. वसईच्या शहरतटाचे बुरूज टोकदार, बाणाच्या फाळासारखे बाहेर आलेले. ते का, हे मुलांना सांगायची सोपी युक्ती आहे. दोन गोल बुरूज आणि मधे भिंत करा, बुरुजावर एक खराट्याची काडी तोफ म्हणून ठेवा, आणि विचारा, "या तोफेला बुरुजाच्या अगदी पायथ्याशी चिकटलेला माणूस दिसतो का?" दिसत नाही. गोलाईच्या समोर एक आंधळी जागा उरते. शिडी लावणारा, सुरुंग खणणारा तिथेच लपतो. आता तोच बुरूज टोकदार करा. त्याच्या दोन्ही सरळ बाजू शेजारच्या बुरुजावरून काडीच्या रेषेत येतात. आंधळी जागा संपली. प्रत्येक बुरूज शेजाऱ्याचा पाया राखतो. दहा वर्षांच्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं, आणि मग तो स्वतःच बाकीचे बुरूज कोन मापून करतो.

सगळ्या बुरुजांची नावं लिहायची हौस असेल तर लिहा, पण उत्तरेच्या बाजूचे दोन विसरू नका: सेबास्तियन आणि रेमेदिओस. सगळा खेळ या दोघांपाशी आहे. हे दोन शाडूचे करू नका. बाकी तट विटांच्या तुकड्यांवर शाडू लिंपून पक्का करा, पण हे दोन कोरड्या चाळलेल्या मातीचे, वरून फक्त ओल्या हाताने थापलेले. पुढे कळेल का ते.

शहरात काय ठेवायचं? सेंट जोसेफचं चर्च, त्याचा मनोरा, दोन-तीन मठ, मधला जुना बालेकिल्ला, दक्षिणेला खाडीकडे उघडणारा समुद्री दरवाजा. बस. बाकी ठोकळे. आतल्या शहरात वेळ घालवलात तर बाहेरचे चर राहून जातील.

महाराजांचा प्रश्न येईलच. "महाराजांशिवाय किल्ला?" असं आमच्या तळमजल्यावरचे आजोबा दरवर्षी विचारतात. १७३९ म्हणजे शाहू महाराजांची कारकीर्द, शिवछत्रपतींना जाऊन ५९ वर्षं झालेली. आणि किल्ला तर फिरंग्यांचा, त्यात महाराज कसे बसतील? आम्ही पाठीमागच्या भिंतीत वेगळा कोनाडा करतो, तिथे सिंहासन, पणती, फुलं. आजोबा खूश, इतिहासही शाबूत.

रोज थोडं पुढे

हा किल्ला एका दिवसात पूर्ण करून ठेवायचा नाही. दिवाळीचे दिवस वापरायचे. रोज वेढा पुढे सरकवायचा, म्हणजे आज पाहून गेलेली माणसं उद्या परत येतात.

वसुबारसेला मैदान रिकामं ठेवा. त्या दिवशी मागच्या भिंतीवर कागदाचा मोठा नकाशा लावून त्यावर झेंडे टोचायचे. शहरावर चाल करण्याआधी त्याचे हातपाय तोडावे लागतात. मार्च १७३७ मध्ये ठाणं पडलं. (तो ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं आमचं मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांचं बांधकाम तेव्हा पुरं झालंच नव्हतं.) त्याच सुमारास अर्नाळा. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर, हे माहीम म्हणजे केळव्याचं, मुंबईचं नव्हे. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. दक्षिणेत व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसून मडगावपर्यंत गेले होते, म्हणजे गोव्याहून वसईला कुमक निघायची पंचाईत. समुद्रावर मानाजी आंग्र्यांची गलबतं. ती अक्रोडाच्या करवंट्यांची फार छान होतात. मुंबईच्या इंग्रजांकडून वसईकरांना थोडा दारूगोळा मिळाला आणि १५,००० रुपये कर्ज मिळालं, तेही चर्चची चांदी आणि तोफा गहाण टाकून. झेंडे टोचताना ही गोष्ट सांगितली की पोरांना इंग्रज चांगला कळतो.

त्याच दिवशी तटाच्या पायाशी खराट्याच्या काड्यांच्या दोन-चार मोडक्या शिड्या टाकून ठेवा. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून वसई घ्यायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. टोकदार बुरुजांपुढे शिडी चालत नाही, हे त्या शिड्या न बोलता सांगतात.

धनत्रयोदशीला चर सुरू करा. मैदानाच्या अगदी उत्तर टोकाला चिमाजी आप्पांचा तंबू. तिथून बांबूच्या काडीने चर ओढत आणायचा. सरळ ओढू नका! सरळ चर थेट बुरुजाकडे गेला तर बुरुजावरची एक तोफ अख्खा चर या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढते. म्हणून नागमोडी. प्रत्येक वळण असं की चराची रेषा पुढे वाढवली तर ती तटाच्या बाहेरून जावी. मी पोरांना सुतळी देते: चराच्या तुकड्यावर सुतळी धरा, पुढे ताणा, बुरुजाला लागली तर चर पुसा आणि परत काढा. आणि खणलेली माती कुठे टाकायची? शत्रूच्या बाजूला. दोन बोटांचा चर आणि एका बोटाचा बांध मिळून माणूस झाकला जातो. वसईची जमीन रेताड, बांध ढासळतो. अशा ठिकाणी मातीने भरलेल्या टोपल्या रचून आडोसा करतात. टोपल्यांसाठी झाडूच्या हिराचे बारीक तुकडे चिमटीएवढ्या वर्तुळात रोवा आणि आत माती भरा. कंटाळवाणं काम आहे, पण चौथी-पाचवीतल्या मुली हे तासन्‌तास करतात आणि मुलांपेक्षा सुबक करतात.

तोफांसाठी जरा मागे, मातीचे उंच चौथरे. दमदमे म्हणतात ते हेच. तोफ म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा, काळ्या रंगात.

नरक चतुर्दशीला फराळानंतर मोजपट्टी घेऊन बसा. बंदुकीची गोळी नेमकी लागायची तर अंतर शंभर मीटरच्या आत हवं, म्हणजे आपल्या मैदानावर वीस सेंटीमीटर. तटापासून वीस सेंटीमीटरवर पांढऱ्या रांगोळीची रेघ मारा. या रेघेच्या बाहेर तोफेची भीती, आत आल्यावर तोफेची आणि बंदुकीचीही. रेघ ओलांडली की चर खोल होतो, वळणं आखूड होतात, पुढे सरकण्याचा वेग मंदावतो. ही रेघ पाहूनच बघणाऱ्या मोठ्या माणसांना बंदुकीचं युग काय ते उमजतं. एक बार काढून परत बंदूक भरायला सरावलेल्या माणसालाही वीस-तीस सेकंद लागत. तेवढ्यात उघड्यावरचा माणूस किती धावेल, हे पोरांना पार्किंगमध्ये पळवून दाखवा.

रात्री एक गंमत करता येते. तोड्याच्या बंदुकीला सतत जळती जामगी लागायची, अंधारात तिचं लाल टोक दिसायचं. रांगोळीच्या रेघेच्या आत, चराच्या वळणात एक उदबत्तीचा तुकडा आडवा रोवा, लाल टोक तेवढं बांधावर येईल असा. दिवे बंद करा. पाहणाऱ्यांची बडबड आपसूक थांबते. मोठ्या माणसाने शेजारी थांबायचं, आणि सुकलेली पानं आधी झाडून काढायची. त्याच वेळी पावसाचाही विषय काढा: जामगी भिजली की बंदूक म्हणजे काठी, दारू भिजली की सुरुंग म्हणजे नुसतं भोक. १७३९ चा मे महिना चालू होता. पावसाळ्याआधी शहर पडलं नाही तर चर पाण्याने भरणार आणि महिन्यांची मेहनत वाहून जाणार. त्यात उत्तरेत नादिरशहा दिल्लीत बसलेला, तिकडे बाजीरावांना फौज हवी. चिमाजी आप्पांना घाई का होती, ते या दोन गोष्टींवरून समजतं. माझं मस्तक तोफेत घालून किल्ल्यात उडवा असं आप्पा म्हणाले, ही गोष्ट मी मुलांना सांगते, पण "अशी सांगतात" असं म्हणूनच.

सुरुंग

लक्ष्मीपूजनाला सगळे घरात, म्हणून ते पाहणाऱ्यांना दाखवायचं काम नाही. त्या दिवशी जमिनीखालची तयारी करायची. सुतळी बॉम्ब लावून बुरूज उडवायची सूचना येईल. चौथ्या मजल्यावरून कुणी तरी आणूनही देईल. साफ नाही म्हणा. माती डोळ्यात जाते, आणि खरं तर सुरुंगाचं काम फटाक्याने दिसतच नाही. फटाका माती चहूकडे उधळतो. वेढ्यातल्या सुरुंगाला भिंत अशी पाडायची असते की तिचा ढिगारा बाहेरच्या बाजूला उतरून चढण तयार व्हावी. नुसतं भोक पाडून उपयोग नाही. माणसांना बंदुका सांभाळत धावत वर जाता आलं पाहिजे.

यासाठी फुगा. साध्या फुग्याच्या तोंडाला सलाईनसारखी बारीक नळी घालून रबराने घट्ट बांधा. सेबास्तियन बुरूज हलक्या हाताने उकरून, त्याच्या बाहेरच्या अंगाच्या किंचित आत, पायाच्या पातळीला फुगा पुरा. नळी वाळूखालून आणून पट्ट्याच्या बाहेर काढा. बुरूज परत थापा. दुसरा फुगा रेमेदिओसखाली. नळीचं टोक सायकलच्या पंपाला किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजला जोडायचं. सिरिंज बरी, हवा हळूहळू जाते. बुरुजावर आधी भेग पडते, मग वरचा थर उचलतो, मग सगळं बाहेर घसरतं. फुगा आतल्या बाजूला जास्त गेला तर ढिगारा शहरात पडतो, म्हणून जागा नीट धरा.

शेजारी एक चहाची बशी पालथी ठेवून तिच्यावर मोहरीचे चार दाणे ठेवा. त्या काळी तटाच्या आतले लोक ढोलावर वाटाणे ठेवून बसत; खाली कुणी खणत असेल तर दाणे थरथरत, मग आतूनही उलटा सुरुंग खणायचा. जमिनीखाली दोन्हीकडची माणसं अंधारात एकमेकांना शोधत असत. पोरांना हा भाग सर्वांत आवडतो, तलवारीपेक्षाही.

पाडव्याला संध्याकाळी, सगळी बिल्डिंग खाली आली की, उडवायचं. आधी रेमेदिओस. तिथे मराठ्यांनी बरेच सुरुंग भरले होते, काही उडाले, खिंडार पडलं, माणसं आत घुसली आणि आतल्या तोफा-बंदुकांच्या माऱ्याने मागे रेटली गेली. म्हणून रेमेदिओसच्या ढिगाऱ्यावर गेरूची कणी मूठभर टाका, आणि मग अर्धी खाली ओघळू द्या. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पुढे उत्तरेत गाजलेली ही नावं इथे या मातीत होती, तेही सांगा. नंतर सेबास्तियन. हा नीट कोसळतो, ढिगारा चढण होऊन पडतो. इथे लगेच कणी टाकायची घाई करू नका. प्रत्यक्ष हल्ल्यात एक सुरुंग वेळेवर न उडता, आपली माणसं ढिगाऱ्यावर चढल्यावर उडाला आणि कित्येक तिथेच गेली. हे दाखवायचं असेल तर सेबास्तियनखाली दोन फुगे पुरा. पहिला उडाला की कणी टाका, मुलं ओरडतील, टाळ्या वाजवतील, मग दुसरी सिरिंज दाबा. दोन सेकंद कुणी काही बोलत नाही. मग आमच्याकडचा एक सहावीतला पोरगा म्हणाला, "काकू, हे आपल्यावरच का?" लढाईतली बत्ती हुकमाबरहुकूम चालत नाही, दारू कुठे दमट, कुठे कोरडी, एवढं सांगून मी गप्प बसले.

खिंडार पडलं म्हणजे शहर पडलं असं नव्हे. आतले लोक खिंडारामागे नवा आडोसा उभारतात, हातगोळे फेकतात. म्हणून ढिगाऱ्याच्या मागे विटेचे तुकडे आणि निळी कणी आधीच मांडून ठेवा. पोर्तुगीजांचा सेनापती मार्तिन द सिल्व्हेइरा वेढ्यात मारला गेला होता. शरणागती दिली ती कायतान द सोझा परेरा याने. तहाची तारीख पाटीवर लिहिताना भांडणं होतात. इंग्रजी कागदांत ५ मे, पोर्तुगीजांच्या हिशोबात १६ मे. दोन्ही बरोबर. इंग्रज तेव्हा जुनी दिनदर्शिका वापरत, ती ११ दिवस मागे. पाटीवर दोन्ही लिहा, नाहीतर मोबाइल घेऊन कुणी तरी चूक काढायला येतोच. मेलेल्यांचा हिशोब लिहायचा तर एवढा: पोर्तुगीजांकडे आठशेच्या आसपास, मराठ्यांकडे त्याच्या कित्येक पट. उघड्यावरून चालून जाणाऱ्याने मोजलेली किंमत नेहमी जास्त असते, आणि ती रांगोळीची पांढरी रेघ अजून तिथेच असते, तिच्याकडे बोट दाखवा.

भाऊबीजेला समुद्री दरवाजा उघडा. तहात पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत आणि सामानासकट निघून जायची मोकळीक मिळाली. निळी कणी दरवाज्यातून खाडीवरच्या करवंट्यांत बसवा. लुटालूट, कत्तल दाखवू नका, कारण ती या तहात नव्हती. एखाद्या घरी छोटी घंटा असेल तर उत्तरेच्या तंबूशेजारी ठेवा. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले; नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही पाहायला मिळतात.

किल्ला मोडताना शहराचा पक्का तट तसाच ठेवा, गोणपाट टाकून झाकला तर वर्षभर टिकतो. पुढच्या वर्षी त्याच तटावर १७८० चा वेढा करता येईल. तेव्हा वसई मराठ्यांकडे होती आणि बाहेर होता इंग्रज जनरल गॉडर्ड. त्याने सुरुंग लावत बसण्यापेक्षा तोफांवर भर दिला: आधी ९०० यार्डांवर मोर्चे, मग ५०० यार्डांवर. आपल्या प्रमाणात ५०० यार्ड म्हणजे बरोबर तीन फूट, मैदानाची उत्तर कड. ९०० यार्ड मैदानाबाहेर जातात, आमच्याकडे थेट जिन्याच्या पहिल्या पायरीवर. त्या पायरीवर चपला काढू नका, अशी सूचना आत्ताच लावून ठेवली आहे.